सुलक्षणाबाईंचं मनगट आणि संस्थेचा कीबोर्ड

आमच्या गावाचं नाव मी सांगणार नाही. न्हावऱ्यावरून चौफुल्याकडे निघालात की वाटेत जिथे एसटी थांबेल की नाही हे ड्रायव्हरच्या मनावर असतं, ते आमचं गाव, एवढं पुरे. नाव सांगितलं तर पुढच्या मासिक सभेत माझ्याविरुद्ध ठराव येईल, आणि तो ठराव मलाच लिहावा लागेल, कारण गावच्या दूध संस्थेचा सचिव मी आहे. सव्वीस वर्षं मी ठराव लिहितो आहे. 'चर्चेअंती सर्वानुमते' हे शब्द मी इतक्या वेळा लिहिलेत की त्यातली चर्चा आणि मतं दोन्ही मला आता घरबसल्या सुचतात, सभेला कोणी आलं नाही तरी चालतं.

सुलक्षणाबाई आमच्या संस्थेच्या कॉम्प्युटर ऑपरेटर. माहेर वरवंडचं, वय छत्तीस, अंगानं बारीक, उंची बेताची. नवरा रांजणगावच्या एमआयडीसीत कंत्राटी कामाला. मराठी आणि इंग्रजी टायपिंगच्या दोन्ही परीक्षा त्यांनी लग्नाआधी दिल्या होत्या, आणि त्या पास झाल्याचा कागद सासरी लोखंडी कपाटात दागिन्यांच्या डब्याखाली ठेवला होता. अकरा वर्षांपूर्वी तो कागद घेऊन त्या संस्थेत आल्या तेव्हा संचालकांनी तो उलटसुलट पाहिला, एकाने उजेडातही धरला, आणि शेवटी नवऱ्याचं नाव विचारून त्यांना कामावर घेतलं.

काम असं. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला गावकरी दूध घेऊन रांगेत उभे राहतात. दुधाची फॅट एक मशीन काढतं. ते मशीन आणि कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेले असायला हवेत, पण दोन वेगवेगळ्या मंडळींकडून घेतल्यामुळे त्यांची सोयरीक काही जमली नाही. म्हणून मशीनवरचा आकडा बघायचा आणि कॉम्प्युटरमध्ये टाकायचा, हे सुलक्षणाबाईंकडे. सभासदाचा नंबर, लिटर, फॅट. तीनशे बारा सभासद, दिवसातून दोनदा, दिवाळीला नाही आणि पाडव्यालाही नाही, कारण म्हशीला सणवार कळत नाहीत.

त्यांना तीनशे बाराच्या तीनशे बारा नंबर तोंडपाठ. माणूस दारात दिसला की उजव्या हाताची बोटं कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांवर आपोआप चालायची, मान वर मशीनकडेच. लोकही त्यांना नंबरानंच लक्षात राहिलेले. एकदा कुणाच्या लग्नात आपल्या नवऱ्याशी ओळख करून देताना त्या म्हणाल्या, "हे आमचं मालक, आन् हे एकशे सत्तावीस." एकशे सत्तावीसनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. एकोणनव्वद नंबरचे म्हातारे वारले त्या दिवशी बाईंनी एकोणनव्वदच्या ओळीत शून्य टाकलं आणि पदर डोळ्याला लावला. मी तिथेच होतो. मला त्यांचं नाव आठवायला दोन मिनिटं लागली.

आता टेबलाबद्दल सांगितलं पाहिजे, कारण सगळं महाभारत त्या टेबलावर घडलं.

आमच्या संस्थेत प्रत्येक वस्तूवर देणाऱ्याचं नाव असतं. घड्याळावर आहे, पाण्याच्या टाकीवर आहे, कचऱ्याच्या डब्यावरसुद्धा आहे. पंख्याच्या तीन पात्यांवर तीन सख्ख्या भावांची नावं आहेत. पंखा सुरू झाला की तिघे एकत्र दिसतात, एरवी बांधावरून त्यांची कोर्टात केस चालू आहे. आणि टेबलाच्या दर्शनी फळीवर पिवळ्या ऑइलपेंटमध्ये लिहिलं आहे, 'कै. दगडूजी आप्पा यांच्या स्मरणार्थ सप्रेम भेट'. दगडूजी आप्पा म्हणजे आमचे चेअरमन मारुतराव यांचे वडील. हे टेबल आलं तेव्हा फॅट हाताने काढायचे आणि काढणारा गडी उभा राहून काढायचा. म्हणून टेबल उभ्या माणसाच्या मापाचं, त्याला कडेनं पत्र्याची पट्टी ठोकलेली. पुढे कॉम्प्युटर आला तेव्हा तो ठेवायला दुसरं टेबल नव्हतं, म्हणून त्यावरच ठेवला. उभं राहण्याच्या टेबलापुढे बसायला प्लॅस्टिकची खुर्ची दिली, खुर्चीवर पशुखाद्याची रिकामी पोती घडी करून टाकली, आणि अशा रीतीने संस्थेचं संगणकीकरण झालं.

पोत्यांवर बसूनही बाईंचे हात खांद्याकडे ओढल्यासारखे वर राहायचे. मनगट त्या पत्र्याच्या पट्टीवर टेकायचं आणि बोटं तिथून वर वाकून कीबोर्डवर जायची. अकरा वर्षं. मी आठ फुटांवर बसत होतो. मला एवढंच दिसायचं की नोंदी बिनचूक होत आहेत.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या यायला लागल्या. हातातून चहाचा कप सुटला. मग पेन धरवेना. हजेरीपटावरची त्यांची सही आधी थरथरली, मग आखडली आणि पुढे तर नुसतीच एक वेडीवाकडी रेघ राहिली. माझ्या ते लगेच लक्षात आलं, कारण कागदावरचं माझ्या लक्षात येतंच. मी काय केलं? मी त्यांना लेखी विचारणा केली. 'आपली हजेरीपटावरील स्वाक्षरी नमुना स्वाक्षरीशी जुळत नाही, तरी खुलासा करावा.' त्यांनी खुलासा टाइप करून दिला. फक्त दोन शब्द होते, 'हात दुखतो'. मी त्यावर 'पाहिले' असा शेरा मारून कागद फाइलला लावला. आज हे लिहिताना मला माझी लाज वाटते, पण तेव्हा मला माझ्या तत्परतेचं कौतुक वाटलं होतं.

दौंडच्या एका डॉक्टरांनी सांगितलं की मनगटातली नस दबली आहे. रात्री बांधायला पट्टा दिला आणि म्हणाले, "तीन महिने बघू. कामाची पद्धत बदला. न्हाईतर ऑपरेशन, आन् मग हे काम करता येईल का, ते मी आत्ता सांगत नाही."

बाईंनी अर्ज दिला. 'टेबल उंच असल्याने मनगटावर ताण येतो. तरी टेबल बदलून मिळावे, तसेच आरामदायी कीबोर्ड मिळावा.' मी तो मारुतरावांना वाचून दाखवला.

"टेबल?" मारुतराव म्हणाले. "आमच्या वडलांच्या टेबलात काय खोट हाय? सागवान हाय ते."

"टेबलात खोट न्हाई, साहेब. उंच हाय म्हणतात."

"मग आमचं वडीलबी उंचच व्हते."

सभेपुढे विषय ठेवताना मी टेबलाचं वाक्य गाळलं. विषय क्रमांक चार, आरामदायी कीबोर्ड व अनुषंगिक वस्तू खरेदी करणे. चर्चेअंती सर्वानुमते तीन जणांची खरेदी समिती नेमली. अध्यक्ष मारुतराव, ज्यांच्या टेबलावर कॉम्प्युटर नाही. तज्ज्ञ म्हणून तरुण संचालक सत्यजीत, जो मोबाइलवर गाड्या पळवायचे खेळ खेळतो. आणि लिहायला मी. महिला राखीव जागेवरच्या संचालिका अनसाबाई वर्षभर सभेत बोलत नाहीत, पण त्या दिवशी बोलल्या. "सुलक्षणाला घिऊन जावा की संगं. हात तिचा हाय."

"मग सांजंचं दूध कोण घेनार?" मारुतराव म्हणाले, आणि सगळ्यांनी माना हलवल्या. मी इतिवृत्तात लिहिलं की अनसाबाईंनी चर्चेत भाग घेतला.

समिती मारुतरावांच्या गाडीतून निघाली. नियमाप्रमाणे तीन कोटेशनं लागतात. पहिला मुक्काम शिरूर, अजीमभाईंचं दुकान. अजीमभाई कॉम्प्युटर दुरुस्त करतात आणि विकतातही. चष्मा कपाळावर, खिशात स्क्रूड्रायव्हर, आणि गिऱ्हाईक कितीही मोठं असलं तरी आपला प्रश्न विचारल्याशिवाय वस्तू काढायची नाही अशी वाईट खोड.

"टाइप कोण करतं?" त्यांनी विचारलं.

"हाय आमची एक बाई."

"त्यांची उंची किती?"

मारुतरावांनी माझ्याकडे पाहिलं, मी सत्यजीतकडे.

"आकडे जास्त मारतात का अक्षरं? माऊस कुठल्या हातानं धरतात? हात लहान हाय का मोठा?"

आठ फुटांवर अकरा वर्षं बसून बाई माऊस कुठल्या हातानं धरतात हे मला सांगता आलं नाही. मी म्हणालो, "सर्वसाधारण."

अजीमभाई हसले नाहीत. "भाऊसाहेब, चप्पल घ्यायला दुसऱ्याचा पाय घिऊन कुणी येतं का? त्यांना आणा. एक घंटा बसू द्या, सगळे कीबोर्ड वापरून बघू द्या. जो बोटाला लागल तो न्या. आन् खरं सांगू का, आधी टेबल बघा. कोपर आन् कीबोर्ड एका पातळीला पाहिजेत, मनगट वर मुडपायला नको. टेबल बरोबर आसंल तर हा साधा कीबोर्डबी चालंल. मऊ बटणं हायेत, आकड्यांचा भाग उजवीकडं हाय. माऊस त्याला चिकटून ठेवायचा, लांब न्हाई."

त्यांनी दाखवलेला कीबोर्ड काळा, साधा, गरीब चेहऱ्याचा होता. समितीला एवढ्या लांबून येऊन असा कीबोर्ड बघायला लागावा हे मारुतरावांना आवडलं नाही. सत्यजीतला दिवे लागणारा एक कीबोर्ड दिसला होता. "साहेब, ह्याच्यात अकरा रंग हायेत," तो म्हणाला. "आपलं संचालकबी अकरा." हा मुद्दा समितीनं नोंदवून घेतला.

मारुतराव निघताना म्हणाले, "अजीमभाई, बाकीची दोन कोटेशनंबी तुम्हीच बनवून द्या की, दुसऱ्या नावानं. आमचा हेलपाटा वाचंल."

"एक देतो," अजीमभाई म्हणाले. "माझ्या नावाचं."

म्हणून हेलपाटा पडला. दुसरं कोटेशन महामार्गावरच्या एका दुकानातून घेतलं. तिथे दुकानदार जेवायला गेला होता, तेव्हा आम्हीही वरवंडच्या अलीकडे एका ढाब्यावर जेवायला बसलो. कीबोर्डची निवड किती जबाबदारीचं काम आहे यावर मटण-भाकरी संपेपर्यंत चर्चा झाली. तिसरं दुकान दौंडला. तिथल्या मालकाने आमच्याकडे एकदा पाहिलं, मारुतरावांचे कडक कपडे पाहिले, आणि एकही प्रश्न न विचारता सगळ्यात वरच्या फळीवरचं खोकं काढलं.

आत एक भलामोठा कीबोर्ड होता, मधोमध दुभंगलेला, दोन्ही बाजूंना उतार असलेला. पुढे मनगट टेकवायला मऊ गादी. सोबत उभा धरायचा माऊस, चांगला पेरूएवढा. "मोठमोठ्या कंपन्यांतले साहेब हेच वापरतात," मालक म्हणाला.

मारुतरावांनी त्यावर आपले दोन्ही पंजे ठेवले. मारुतराव तरुणपणी तालमीत होते, त्यांच्या पंजात नारळ मावतो. त्यांनी डोळे मिटले. "आहाहा! कसं गादीवर बसल्यागत वाटतंय. सत्यजीत, बघ हात ठिवून."

सत्यजीतने ठेवला. मीही ठेवला. खरंच बरं वाटलं. मग मला दिसलं की उजवीकडे आकड्यांचा भागच नाही. दिवसाला सहाशेवर नोंदी आकड्यांच्या, आणि आकडे वरच्या ओळीत, अर्धे इकडे, अर्धे तिकडे. मी तोंड उघडलं. मारुतराव अजून डोळे मिटून होते. मी तोंड मिटलं. समितीने हातांची चाचणी घेऊन सर्वानुमते निवड केली, असं मी लिहिलं, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. हात फक्त आमचे होते.

कीबोर्ड आला म्हटल्यावर लोकार्पण आलं. फ्लेक्स ठरला. 'कर्मचाऱ्यांच्या आरोग्याची काळजी वाहणारी तालुक्यातील एकमेव संस्था.' अकरा संचालकांचे फोटो, खाली नावं, नावांच्या पुढे मागे पदव्या, कोणाचा फोटो कोणाहून मोठा होणार नाही याची काळजी, आणि कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढा कीबोर्ड. हा सगळा मजकूर आणि निमंत्रणपत्रिका टाइप कोणी केली? दुसरं कोण करणार? संध्याकाळचं दूध आटोपलं की बाई त्या उंच टेबलापुढे बसून, डाव्या हाताने उजवं मनगट दाबत, एकेक बोट टेकवत 'मा. चेअरमनसाहेबांच्या दूरदृष्टीने' असं लिहीत होत्या. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. त्यांचं स्वतःचं नाव मजकुरात नव्हतं. मी मसुदा केला होता, माझ्या लक्षात राहिलं नाही.

कार्यक्रम झकास झाला. नारळ फुटला, शाली झाल्या. कीबोर्डला हार घातला आणि बटणांवर हळद-कुंकू वाहिलं. मग बाईंना पुढे बोलावून त्यापुढे बसवलं. दाराबाहेर दुधाची रांग उभी होतीच.

बाईंचे हात त्या उतारावर लहान मुलाच्या हातांसारखे दिसत होते. गादीवर मनगट टेकलं की बोटं वरच्या ओळीपर्यंत पोचत नव्हती, बोटं पोचवली की मनगट गादीवरून उचललं जात होतं. शिवाय गादीसकट त्या कीबोर्डने टेबल आणखी दोन बोटं उंच झालं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मान खाली घालून आकडा शोधला. दहा मिनिटांत सात नोंदी झाल्या. रांग रस्त्यापर्यंत गेली. कोणीतरी ओरडलं, "दूध नासंल!" बाईंनी निमूटपणे जुना कीबोर्ड जोडून घेतला.

"चांगल्या वस्तूची सवय पायजे," मारुतराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तो कीबोर्ड सुरक्षिततेच्या कारणास्तव चेअरमनच्या टेबलावर हलवण्यात आला. तिथे कॉम्प्युटर नाही हे मी वर सांगितलंच आहे. कुंकू पुसून, प्लॅस्टिकचं कव्हर घालून, वायरची नीट घडी करून तो मारुतरावांपुढे विराजमान झाला. बँकेचे साहेब आले की मारुतराव कव्हर काढून त्यांना हात ठेवायला लावतात. माऊसखाली टपाल दाबून ठेवतात, वाऱ्याने उडत नाही.

मला मात्र त्यांनी बाजूला घेऊन सांगितलं, "भाऊसाहेब, आपून आपलं काम केलं. आता दिवाळीपातुर बघायचं. न्हाई जमलं तिला तर आमच्या सूनबाईंची एमएससीआयटी झालेली हाय."

हे बाईंच्या कानावर गेलं. पुढच्या मंगळवारी दुपारच्या एसटीने त्या शिरूरला अजीमभाईंकडे गेल्या. तिथे काय झालं ते अजीमभाईंनीच मला नंतर सांगितलं. त्यांनी तेच प्रश्न विचारले आणि बाईंनी एका दमात सगळ्यांची उत्तरं दिली. अजीमभाईंनी त्यांना स्टुलावर बसवून जमिनीपासून कोपरापर्यंत टेप धरला. बाई संस्थेतल्या टेबलाची उंची मोजून चिठ्ठीवर लिहून घेऊन आल्या होत्या. वजाबाकी केली. चार इंच. बाईंनी तो काळा साधा कीबोर्ड स्वतःच विकत घेतला, आणि अजीमभाईंनी त्याच्या मागचे उभे करायचे दोन पाय मिटवून दिले. "हे उघडू नका," ते म्हणाले. "मनगट मुडपतं."

बाईंनी माझ्याकडे दुसरा अर्ज दिला. टेबलाचे पाय चार इंच कापून मिळावेत.

"ठराव लागंल," मी म्हणालो. "स्मरणार्थाचं टेबल हाय. पुढच्या सभेत विषय घेतो."

घेतला नाही. त्यांनी पुन्हा आठवण करून दिली, पुन्हा 'घेतो' म्हणालो. डॉक्टरांच्या तीन महिन्यांतला दुसरा महिना सरत आला होता. ते मला माहीत होतं. मला मारुतरावांची भीती वाटत होती, बाकी काही कारण नव्हतं.

एका सोमवारी सकाळी पावणेसहाला मी संस्थेत आलो तर माझ्या टेबलावर सागाचे चार ठोकळे ओळीने मांडून ठेवलेले. फरशीवर भुसा. बाई आपल्या जागेवर बसल्या होत्या, आणि त्या जागेत काहीतरी बदललं आहे हे कळायला मला एक क्षण लागला. त्यांचे खांदे खाली होते. पोती खुर्चीवरून गेली होती, पत्र्याची पट्टी उपटून काढली होती, पाय जमिनीला टेकले होते. करवत घरून आणली होती. ती डाव्या हाताने चालवावी लागल्यामुळे एक पाय जरा तिरका कापला गेला होता, त्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली होती.

"भाऊसाहेब," त्या म्हणाल्या, "ते चार तुकडं आवक रजिस्टरला घ्या. संस्थेची मालमत्ता हाय."

मी चेअरमनना कळवायला हवं होतं. मी काहीच केलं नाही. काहीच न करण्यात माझी हयात गेली, पण त्याचा उपयोग झालेला मी पहिल्यांदाच पाहिला. ठोकळे मी ड्रॉवरमध्ये ठेवले. त्यानंतर संचालक आले, गेले, त्याच टेबलावर कोपर टेकवून चहा प्यायले, आणि चोवीस दिवस एकालाही कळलं नाही. कळलं ते रांगेतल्या लोकांना. "आज लवकर सुटलो," म्हणत ते किटल्या घेऊन परतायचे.

चोविसाव्या दिवशी दगडूजी आप्पांची पुण्यतिथी. दरवर्षी त्या दिवशी टेबलाच्या दर्शनी फळीला हार घालतात. हार शिरूरच्या ठरलेल्या फुलवाल्याकडचा, मापही ठरलेलं. मारुतरावांनी हार घातला, दोन पावलं मागे आले, हात जोडले, आणि हात तसेच राहिले. हार जमिनीवर लोळत होता.

त्यांनी फुलवाल्याला फोन लावला. फुलवाला म्हणाला, माप तेच. मग मारुतराव वाकले, कापलेले पाय त्यांना दिसले, आणि हार जेवढा लोळत होता तेवढं त्यांनी बोटांनी मोजलं.

"माझ्या बापाला चार इंच कमी केलं!" त्यांचा आवाज पार डेअरीच्या फाटकापर्यंत गेला. माणूस खरंच दुखावला होता, एवढं मी कबूल करतो. वडिलांसाठी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. फक्त त्याच टेबलापुढे जे मनगट अकरा वर्षं झिजलं, त्यासाठी ते कधी आलं नव्हतं.

तातडीची सभा झाली. कारणे दाखवा नोटीस द्यायचं ठरलं. अनसाबाई म्हणाल्या, "म्या सही करनार न्हाई," आणि उठून गेल्या. मी मसुदा केला. 'आपण दि. … रोजी कै. दगडूजी आप्पा यांच्या स्मरणार्थ असलेल्या टेबलाची उंची विनापरवानगी चार इंचांनी कमी करून संस्थेच्या मालमत्तेचे व दात्याच्या स्मृतीचे नुकसान केले आहे. तरी आपणास सेवेतून कमी का करू नये…' असं पानभर. मग मी तो हातात घेऊन उभा राहिलो. नोटीस टाइप करायला संस्थेत माणूस एकच.

मी कागद त्यांच्यापुढे ठेवला. मला त्यांच्याकडे बघवेना. त्यांनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग काळा कीबोर्ड जवळ ओढला, कोपरं अंगाशी घेतली आणि सुरुवात केली. बटणांचा आवाज मऊ होता, एकसारखा. त्या कागदाकडे बघत होत्या, बोटांकडे नाही. मध्ये कुठे थांबल्या नाहीत, हात झटकला नाही, डाव्या हाताने मनगट दाबलं नाही. 'सेवेतून कमी का करू नये' हेही त्याच वेगाने झालं. दोन प्रती काढल्या आणि माझ्या हातात दिल्या.

"भाऊसाहेब," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मी नोटिशीकडेच बघत राहिलो. "अख्खं पान झालं. मुंगी न्हाई आली!"

नोटीस मिळाल्याची पोच लागते. त्यांनी पेन घेतलं, उजव्या हातात. ऑफिस प्रतीच्या खाली 'मिळाली' लिहिलं आणि सही केली. सव्वीस वर्षांची सवय, मी नमुना स्वाक्षरीचं कार्ड काढून शेजारी धरलं. अकरा वर्षांपूर्वी, टायपिंगचा कागद घेऊन आल्या त्या दिवशी केलेली सही. उकाराचा फराटासुद्धा तोच. मला गहिवरून आलं, आणि त्याहून जास्त शरम वाटली.

मी पेन उघडलं. सहीच्या खाली शेरा लिहिला, 'स्वाक्षरी नमुन्याशी जुळते.' त्याखाली आणखी लिहिलं, 'टेबलाबाबत सदर कर्मचाऱ्याचे दोन अर्ज आले होते. ते सचिवाने भीतीपोटी सभेपुढे ठेवले नाहीत. नुकसान झाले असल्यास जबाबदार सचिव.' हे मी कोणाशी चर्चा न करता लिहिलं आणि खाली एकट्याने सही केली.

मग ड्रॉवरमधले चार ठोकळे काढले. बाहेर संध्याकाळची रांग लागली होती आणि बाईंनी "दोनशे चौदा, या पुढं," अशी हाक दिली होती. मी आत जाऊन तो कागद चेअरमनच्या टेबलावर, कीबोर्डच्या प्लॅस्टिक कव्हरवर ठेवला, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर एक ठोकळा ठेवला.